काळ्या प्लॅस्टिकवर वाळलेलं पॉलिश: पाच रुपयांपासून सुरुवात करा

पावसाळ्याच्या तोंडावर गाडीला वॅक्स पॉलिश मारण्याची पद्धत चांगलीच आहे. कर्जत-खालापूरच्या पावसात रंगावरून पाणी झरझर ओघळतं, चिखल कमी चिकटतो. पण पॉलिशचा हात बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकवर, आरशाच्या खोक्यावर, दाराच्या पट्टीवर गेला की तिथे पांढरे फराटे उमटतात. धुतल्यावर गेल्यासारखे वाटतात आणि वाळले की पुन्हा दिसतात. ठाकुरवाडीतून नेरळ, कर्जत, चौक या बाजूला भाड्याची इको किंवा मिनिडोअर चालवणाऱ्याची गाडी त्यामुळे उगीच जुनाट दिसते.

डाग का बसतो?

या काळ्या प्लॅस्टिकला रंग दिलेला नसतो आणि त्याचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. पॉलिशमधलं मेण आणि रंग घासणारी बारीक पूड त्या खळग्यांत अडकून वाळते. पुसणारं फडकं वरवरून फिरतं, खळग्यात उतरत नाही.

आधी डाग ओळखा, मग पैसे काढा

कोरड्या डागावर खोडरबर घासून बघा. पांढरं सुटून आलं, तर ते पॉलिश आहे. काहीच सुटलं नाही आणि उन्हाकडची अख्खी बाजू सारखीच करडी दिसत असेल, तर प्लॅस्टिक उन्हाने विटलं आहे. त्यावर साफसफाईचा खर्च वाया जाईल. बोअरिंगच्या पाण्याने गाडी धुता आणि थेंबाच्या आकाराचे गोल डाग आहेत, तर ते क्षारांचे. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून पुसा आणि साध्या पाण्याने धुवा.

स्वस्तापासून महागाकडे

आकडे अंदाजे आहेत. दुकानागणिक फरक पडेल.

१. खोडरबर, ५ ते १० रुपये. पांढरा, मऊ घ्या. छोट्या डागाचं काम बहुतेक इथेच संपतं.

२. जुना टूथब्रश आणि भांडी घासायचं लिक्विड, १० ते २० रुपये. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात थोडं लिक्विड घाला. फेस पाच मिनिटं राहू द्या, मग ब्रश गोल फिरवा. एका बंपरला अर्धी बादली पुरते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी लांबून आणावं लागत असेल, तर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

३. शेंगदाण्याचं तेल, घरातलंच, चमचाभर. तेलाने मेण सुटतं. दहा मिनिटांनी ब्रशने घासा आणि लिक्विडने नीट धुवा. तेल राहिलं तर कच्च्या रस्त्याची धूळ त्यावरच बसेल.

४. आयसोप्रोपिल अल्कोहोल, अर्ध्या लिटरला साधारण १५० ते ३०० रुपये. निम्मं पाणी मिसळून फडक्यावर घ्या, थेट गाडीवर ओतू नका. आधी आडोशाच्या कोपऱ्यात लावून बघा. ते पटकन पेट घेतं, म्हणून चुलीपासून आणि विडीपासून लांब वापरा. एक बाटली चार-पाच गाड्यांना पुरते, वाडीत वर्गणी काढून आणा.

५. प्लॅस्टिक काळं करणारं ड्रेसिंग, २५० ते ६०० रुपये. हे डाग काढत नाही, झाकतं. डाग न काढता लावलं तर काही पावसांत ते धुऊन जातं आणि पांढरं पुन्हा वर येतं. विटलेल्या प्लॅस्टिकलाच घ्या.

हे करू नका

रॉकेल, पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लॅस्टिकला लावू नका. डाग जाईल, पण प्लॅस्टिक कायमचं पांढुरकं किंवा चिकट होऊ शकतं आणि काचेभोवतीचं रबर फुगतं. तारेच्या घासणीचे ओरखडे कशानेही भरून येत नाहीत. पाच रुपयांच्या डागापायी बंपर बदलायची वेळ आणू नका.

गाडी नदीत उतरवून धुऊ नका. कर्जतवरून वाहणारी उल्हास पुढे बदलापूर, अंबरनाथकडच्या लोकांच्या पिण्यात जाते. आपल्याच वाडीच्या खालच्या अंगाला गुरंही तेच पाणी पितात.

बाहेर करून घ्यायचं असेल तर

कर्जत, खोपोली, पनवेलमधल्या धुलाई केंद्रांत आधी नेमकं विचारा: डाग काढणार की वर ड्रेसिंग मारणार? दर ठरवूनच गाडी आत घाला. बाटली विकत घेताना छापील किमतीपेक्षा जास्त पैसे देऊ नका. बिलात जीएसटी लावला असेल तर त्यावर दुकानदाराचा जीएसटी क्रमांक हवाच. क्रमांक नसेल तर कर मागता येत नाही. काम बिघडलं आणि दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यासाठी बिल जपून ठेवा.

पुढच्या वेळी

पॉलिशच्या आधी प्लॅस्टिकच्या कडेला मास्किंग टेप लावा. ३० ते ५० रुपयांची गुंडाळी बरेच दिवस जाते. पॉलिश सकाळी, सावलीत, पातळ हाताने मारा. उन्हात ते पुसायच्या आतच वाळतं. चुकून प्लॅस्टिकवर गेलंच तर तेव्हाच ओल्या फडक्याने टिपा.

बहुतेक डागांना पन्नास रुपयांहून जास्त खर्च नाही. शंभराच्या वर कुणी सांगितलं, तर पैसे देण्याआधी एकदा खोडरबर घासून बघा.