ॲस्बेस्टॉसचा आजार आणि भरपाई : खर्च नेमका कुठे होतो?

सिमेंटचे पत्रे कापणाऱ्या, बॉयलरच्या नळ्यांवरचं जुनं लॅगिंग काढणाऱ्या किंवा गॅरेजात ब्रेक लायनर घासणाऱ्या माणसाला दोन जिने चढताना धाप लागायला लागली, की घरात पहिला प्रश्न निघतो तो वकिलाच्या फीचा. खरं तर या कामात कमीत कमी पैसा तिथेच लागतो. लागतो तो पुरावा जमवायला, आणि त्यातही उशीर सर्वांत महाग पडतो.

नाशिककरांना हा विषय लांबचा नाही. दिंडोरी तालुक्यात लखमापूरला सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना आहे आणि पत्र्याची छपरं तर गल्लोगल्ली. मात्र नुसतं पत्र्याखाली राहणाऱ्यापेक्षा पत्रा कापणाऱ्याच्या, भोकं पाडणाऱ्याच्या छातीत कितीतरी जास्त धूळ जाते.

आधी जुनी पगारपत्रकं काढा आणि ईएसआयची कपात होत होती का, ते बघा. होत असेल तर मालकावर भरपाईचा वेगळा दावा चालत नाही. ईएसआयच्या शाखेत अर्ज करायचा. त्यांचं वैद्यकीय मंडळ अपंगत्वाचा टक्का ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम सुरू होते. यात फीचा प्रश्नच नाही. सातपूरचं कामगार विमा रुग्णालय याच योजनेतलं.

कपात नसेल, तर 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने आयुक्तांपुढे अर्ज. ॲस्बेस्टॉसिस आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग, दोन्ही कायद्याच्या यादीत आहेत. ठेकेदाराकडे काम केलं आणि तो आता सापडत नाही, म्हणून हात टेकू नका. मूळ मालकावरही जबाबदारी येते. 21 नोव्हेंबर 2025 पासून या जुन्या कायद्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. तेव्हा तुमच्या आजाराला जुना कायदा लागतो की नवा, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

रक्कम किती? 1923 च्या कायद्यात 3 जानेवारी 2020 पासून महिन्याचा पगार जास्तीत जास्त 15,000 रुपये धरला जातो. वय 55 असेल तर गुणांक 135.56. पूर्ण अपंगत्वाला पगाराचे 60 टक्के, म्हणजे 9,000 गुणिले 135.56 : 12,20,040 रुपये. कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं ठरलं, तर 3,66,012. मृत्यू झाल्यास 50 टक्क्यांनी 10,16,700. देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत, तर वर 12 टक्के व्याज. अमेरिकेतल्या कोट्यवधींच्या निकालांच्या बातम्या वाचून इथे हिशेब मांडू नये.

आता खर्च. कारखान्यातल्या कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. कोर्ट फीसुद्धा त्यातच येते. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे, हेल्पलाइन 15100. स्वतःचा वकील केलात तर फी आधी लिहून घ्या. ‘जिंकलो तर इतके टक्के’ हा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, कोणी कितीही गोड बोलून सांगितला तरी.

खरा खर्च तपासण्यांचा. छातीचा एचआरसीटी आणि फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी, या दोन्ही हव्यातच. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, तिथूनच सुरुवात करा. खासगीत गेलात तर अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा, की कोविडच्या काळात सरकारने एचआरसीटीला मशीनप्रमाणे 2,000 ते 3,000 रुपयांची मर्यादा घातली होती. पण फिल्मपेक्षा महत्त्वाचं डॉक्टरांना काय सांगता ते. नुसता ‘खोकला, दम’ सांगितलात तर टीबीच्या गोळ्या सुरू होऊन वर्ष निघून जाऊ शकतं. कोणत्या खात्यात, किती वर्षं, कसल्या धुळीत काम केलं, हे केसपेपरवर लिहून घ्या. दाव्याचा अर्धा जीव त्या दोन ओळींत असतो.

धूळ छातीत गेल्यावर आजार दिसायला 10 ते 40 वर्षं लागतात, आणि जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची. योग्य कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, पण त्यासाठीही आजार प्रथम कधी कळला त्या तारखेचा कागद लागतो. निवृत्तांच्या हातात आणखी एक आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी आदेश दिला, की ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा सोडल्यानंतर 15 वर्षं, यातलं जे नंतर संपेल तोवर जपावी. ही नोंद लेखी मागा आणि अर्जावर पोच घ्या. नाही मिळाली, तर ती पोचच पुढे कामाला येते.

कोणी घरी येऊन काही रोख देऊन ‘आता काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागत असेल, तर करू नका. हक्क सोडून देणारा असा करार 1923 च्या कायद्यात रद्दबातल आहे, आणि मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा केल्याशिवाय दिली असं धरलं जात नाही.