वर्ष सुरू होण्याआधीचे सहा महिने

अगं, तुझा तो कागद माझ्या डोक्यातून जात नाहीये. वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरात लिहिलंस, 'रोज १०८ सूर्यनमस्कार, ३६५ दिवस', खोलीच्या दारावर चिकटवलंस आणि उद्यापासून सुरू म्हणालीस. तुझ्या मैत्रिणी समोर होत्या, म्हणून मी गप्प राहिले. आता आपण दोघीच आहोत, तर बोलते. आकडा कमी कर असं मी अजिबात म्हणणार नाही. गावाहून इथे शिकायला आलेल्या पोरीने स्वतःच्या शरीरासाठी एवढं मोठं काही मनात धरलंय, याचा मला अभिमान वाटतो. माझं म्हणणं एवढंच, की उद्यापासून नको.

जरा गुणाकार कर. १०८ गुणिले ३६५ म्हणजे ३९,४२० नमस्कार. प्रत्येक नमस्कारात अंगाचं ओझं तळहातांवर येतं, एक पाय मागे जातो, कंबर आधी वाकते आणि मग भुजंगासनात उलटी ताणली जाते. तुझ्या मनगटांनी आजवर मोबाइल आणि पेन यापलीकडे रोजचं फारसं काही पेललेलं नाही. स्नायूंना रक्त भरपूर मिळतं, म्हणून ते लवकर तयार होतात. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांचं तसं नाही, त्या सावकाश घट्ट होतात. फसगत इथेच होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम पुरायला लागतो, अंग हलकं वाटतं, आपण आकडा वाढवतो आणि नेमकं तेव्हाच मनगट नाहीतर खांदा धरतो. पोलीस भरतीच्या मुली बघ. जाहिरात निघाली की एकदम सगळं सुरू करतात, ८०० मीटर, १०० मीटर, गोळा. महिनाभरात त्यातल्या किती जणी नडगी धरून बसतात! त्या कमी कष्ट करतात म्हणून नाही, शरीराला वेळ मिळालेला नसतो म्हणून.

मग कधीपासून? माझं ऐकशील तर घटस्थापनेपासून. नवरात्रात पहाटे कर्णपुऱ्याच्या देवीला चालत जाणाऱ्या बायका तू पाहिल्या आहेसच. क्रांती चौकातून जालना रोडने महावीर चौक, पुढे पंचवटीवरून कर्णपुरा. अंधार असतो, पण रस्ता माणसांनी भरलेला असतो, म्हणून एरवी ज्या वेळी मी तुला एकटीला बाहेर पडू देणार नाही त्या वेळी तेव्हा बिनधास्त निघता येतं. ते नऊ दिवस नमस्कार नको. फक्त उठायचं, चालायचं, देवीपुढे हात जोडायचे आणि परत यायचं. पहाटे उठणं हाच निम्मा व्यायाम आहे, आणि तो एकटीने शिकण्यापेक्षा हजारो बायकांच्या बरोबरीने शिकलेला बरा.

दसऱ्याला पहिले १२ घाल. सीमोल्लंघनाला तेवढे पुरेत. आठवडाभर १२ च. मग दर आठवड्याला ६ वाढव. दसऱ्यापासून रथसप्तमीपर्यंत साधारण सोळा आठवडे असतात, आणि १२ मध्ये सोळा वेळा ६ मिळवले की बरोबर १०८ होतात. हे गणित जुळलेलं पाहून तुझे डोळे चमकतील, मला माहीत आहे. पण त्या गणितात सर्दी नाही, सेमिस्टरची परीक्षा नाही, मावशीच्या मुलीचं लग्न नाही. म्हणून दर चौथ्या आठवड्याला आकडा वाढवायचा नाही. आहे तोच ठेवायचा, वाटलं तर थोडा खाली आणायचा. असं केलंस तर रथसप्तमीला तू ८४ वर असशील आणि होळीच्या आसपास १०८ ला पोचशील. मग पंधरा-वीस दिवस १०८ घालून बघ. कुठे दुखत नाही, दुसऱ्या दिवशी उठवतं, अभ्यासात झोप येत नाही, एवढं झालं की पाडव्याला गुढी उभारून वर्ष मोजायला लाग. सूर्यनमस्काराचं वर्ष निदान रथसप्तमीला तरी सुरू व्हावं असं तुला वाटेल, ते मला समजतं. पण सूर्य पाडव्यालाही तोच असतो. आणि वर्ष तारखेने मोज. तिथीने मोजलंस आणि मध्ये अधिक महिना आला तर ३६५ चे ३८४ होतील.

सहा महिने नुसती तयारी, हे ऐकून तुझा चेहरा पडला असेल. म्हणून तुला औंधच्या राजाबद्दल सांगते. सातारा जिल्ह्यातलं औंध, तिथले भवानराव पंतप्रतिनिधी, १९०९ मध्ये गादीवर आले. आज शाळाशाळांतून जो सूर्यनमस्कार घातला जातो तो घरोघरी पोचवण्यात या माणसाचा मोठा वाटा. त्यांनी स्वतः पुस्तक लिहिलं, संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सुरू केले, आणि १९३८ मध्ये त्यांच्या पद्धतीवरचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्येही निघालं. मला त्यांच्यातली आवडणारी गोष्ट वेगळी आहे. ते स्वतः नमस्कार घालत राहिले, उतारवयातही. दरबार, दौरे, आजारपणं, सगळं त्यांनाही होतं. आणि त्या काळात त्यांनी बायकांनीही नमस्कार घालावेत असा आग्रह धरला, घरच्या राणीसाहेबांपासून. तुझ्या घरमालकीणबाई 'मुलीच्या जातीला एवढं कशाला' म्हणाल्या ना, त्यांना हे सांग.

अलीकडचा माणूस हवा असेल तर पुण्याचे आशिष कासोदेकर. २८ नोव्हेंबर २०२१ ला सुरू करून २६ जानेवारी २०२२ पर्यंत रोज एक पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे रोज ४२.१९५ किलोमीटर, सलग ६० दिवस. गिनेस बुकात नोंद झाली. बातमीत हे साठच दिवस येतात. त्याआधी ते लडाखच्या विरळ हवेत शेकडो किलोमीटरच्या शर्यती धावले होते. ती वर्षं मोजल्याशिवाय हे साठ दिवस कळत नाहीत.

आणि आपल्याच शहरातले रफिक शेख. ग्रामीण पोलिसांत शिपाई. २०१४ मध्ये एव्हरेस्टला गेले, हिमस्खलनाने ती मोहीम थांबली. २०१५ मध्ये पुन्हा गेले, नेपाळचा भूकंप झाला. २०१६ च्या मे महिन्यात शिखरावर पोचले. इथल्याच प्राध्यापक मनीषा वाघमारे २०१७ मध्ये शिखर जवळ आलेलं असताना मागे फिरल्या आणि २०१८ मध्ये परत जाऊन चढल्या. त्या मागे फिरण्याला मी फार मोठं समजते. एवढा पैसा, एवढी मेहनत, शिखर समोर, आणि तरी हवामान बघून पाय मागे घेणं. तुला मनगट दुखत असताना ७२ वर थांबून ६० वर यावं लागलं, तर त्यांची आठवण काढ.

आता वर्षाबद्दल. चांगल्या दिवशी १०८ घालायला काही लागत नाही. वर्ष ठरतं ते वाईट दिवसांवर, आणि आपल्याकडे ते कोणते हे आधीच माहीत आहेत. पहिला, पाण्याचा दिवस. या शहरात नळाला रोज पाणी कुठे येतं? काही दिवसांच्या अंतराने येतं, कधी पहाटे, कधी रात्री दोनला. त्या दिवशी बादल्या, ड्रम, टाकी, मोटार, आणि खोलीतल्या तिघींची भांडाभांडी. त्या पहाटे १०८ होणार नाहीत. दुसरा, चौकातला दिवस. क्रांती चौकात राहायचं म्हणजे हे गृहीत धरायचं. ९ ऑगस्ट २०१६ चा पहिला मराठा क्रांती मोर्चा इथूनच निघाला, आणि आजही शहराला काही म्हणायचं असलं की लोक आधी इथे जमतात. २०२२ मध्ये महाराजांचा नवा अश्वारूढ पुतळा बसल्यापासून शिवजयंतीला तर आदल्या रात्रीपासून ढोल असतात. झोप होत नाही, आणि होऊही नये, तो दिवस तसाच असतो. तिसरा, एप्रिल-मे. पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालची खोली रात्रभर तापलेली राहते. पाडव्याला सुरू केलंस तर पहिलेच दोन महिने हे येणार. मला ते बरंच वाटतं, कारण उत्साह ताजा असतो तेव्हाच कठीण भाग निघून जातो. पण मग सूर्य वर यायच्या आत संपवायचं, मध्ये दोनदा थांबून पाणी प्यायचं, गच्चीवर सतरंजी टाकून घालायचं. डोकं हलकं झालं, मळमळलं, तर तिथेच बसायचं.

या दिवसांसाठी एक खालचा आकडा ठरव. १२. पाच-सात मिनिटांत होतात, दोन बादल्या भरेपर्यंत होतात. वहीत १२ च लिहायचे, पुढच्या दिवशी २०४ घालून भरपाई करायची नाही. भरपाईच्या नादातच खांदे जातात. आणि ताप असेल तर १२ पण नाहीत. तापात व्यायाम करणं शौर्य नाही, हृदयावर ताण आहे. वहीत 'आजारी' लिही आणि तेवढे दिवस शेवटी वाढव. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांच्या सवयी बघितल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ पुरले, कुणाला २५० च्या वर लागतील असा हिशेब निघाला. एकवीस दिवसांचा मंत्र सगळीकडे सांगतात, तो यात कुठेच बसत नाही. त्यातच असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. हे तुला मुद्दाम सांगते, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. एक दिवस गेला की सगळंच गेलं म्हणून तू कागद फाडशील.

पाळीबद्दल कुणी तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. त्या दिवसांत नमस्कार घालू नयेत असा सरसकट नियम नाही, आणि घातलेच पाहिजेत असाही नाही. पहिल्या दिवशी पोट दुखत असेल तर १२, हळूहळू, श्वास सांभाळत. हलकं वाटत असेल तर नेहमीसारखे. पण रक्तस्राव खूप असेल, जिना चढताना धाप लागत असेल, नखं-ओठ फिके दिसत असतील, तर दसऱ्याच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घे. घाटी रुग्णालयात होतं, कुठल्याही लॅबमध्ये होतं, फार पैसे लागत नाहीत. बायकांमध्ये १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त! आणि आपण त्याला आळस म्हणतो, स्वतःला शिव्या देतो. रक्त कमी असेल तर आधी डॉक्टरांकडे, औषध सुरू, मग नमस्कार. मेसच्या जेवणात मोड आलेली मटकी, अंडं, बाजरीची भाकरी, शेंगदाणे हे मागून घे. पालेभाजीवर लिंबू पीळ. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नकोस, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. तो तासाभराने घे. हे तुला सगळ्यात अवघड जाणार.

मनगटासाठी पहिल्या आठवड्यापासूनच बोटं पसरून तळहात पूर्ण टेकव, वजन नुसतं मनगटाच्या घडीवर येऊ देऊ नकोस. टोचलं तर मुठी टेकून घाल. साष्टांग घालताना गुडघे आधी टेकव, धपकन खाली जाऊ नकोस. एकदा उजवा पाय मागे, पुढच्या वेळी डावा, नाहीतर वर्षभरात एक बाजू आखडते. नागिणीसारखी मान मागे फेकून जे फोटो काढतात, तसं करू नकोस. छाती उचल, मान तिच्या मागोमाग येते. गारखेड्याच्या क्रीडा संकुलात किंवा ओळखीच्या योगशिक्षिकेकडे एकदा तरी जाऊन, कुणीतरी बाजूने बघून चूक दाखवेल असं कर. आरशात आपल्याला आपली कंबर दिसत नाही.

फोनवर रोज व्हिडिओ टाकू नकोस. लोकांचं कौतुक पहिल्या महिन्यात मिळतं, तुला ते सातव्या महिन्यात लागणार, तेव्हा कुणी बघत नसेल. एका माणसाला रोज रात्री आकडा सांग. मला सांग. नुसता आकडा पाठव, ८४, १२, १०८, आजारी. मी प्रश्न विचारणार नाही. सलग चार-पाच दिवस १२ आले तरच फोन करेन, आणि तेव्हाही आधी जेवलीस का एवढंच विचारेन.

दारावरचा कागद काढू नकोस, फक्त त्याखाली पाडव्याची तारीख लिही. या आठवड्यात रक्त तपासून घे. घटस्थापनेला पहाटे साडेचारला मी तुझ्या खोलीखाली येते. अनवाणी चालायचा विचार असेल तर आदल्या रात्री पायांना तेल लाव आणि परतीसाठी पिशवीत चप्पल ठेव, उड्डाणपुलाखालची खडी फार टोचते. रिपोर्टही त्याच पिशवीत टाक, चालता चालता मला दाखव.