आठ तासांचा एक गुण

केडगाव, अहिल्यानगर
९ नोव्हेंबर २०२५

चि. सोन्या,

भाऊबीजेच्या दुपारी मी माडीवर आलो तेव्हा तू लॅपटॉप घेऊन खिडकीत बसला होतास. पडद्यावर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना वाळवंट आणि खाली बसचं स्टेअरिंग. मी मागं उभा राहून बघत होतो, तुला पत्ता नव्हता. दहा मिनिटं झाली तरी वळण आलं नाही, समोरून गाडी आली नाही. तू अधूनमधून बोट हलवून गाडी सरळ करत होतास आणि चेहरा अगदी निवांत होता. तेवढ्यात जिन्यावर पोरांचे पाय वाजले आणि तू झाकण खाडकन मिटलंस. "काही नाही, टाइमपास चाललाय," म्हणालास.

त्या मिटलेल्या झाकणावरून हे पत्र लिहितोय. फोनवर मला हे धड बोलता आलं नसतं.

रात्री अंगणात तू थोडं सांगितलंस. होस्टेलच्या खोलीत बाकीचे तिघं बीजीएमआय हा गेम खेळतात. स्क्वाडला चौथा कमी पडला की तुला हाक मारतात, आणि तू नको म्हणालास की "हा बघा, एसटी चालवतोय" म्हणून हसतात. पुढं तू आणखी एक वाक्य बोललास, ते मला जास्त लागलं. "त्यांना कळतच नाही मामा. गर्दीला काय कळणार?" झाकण मिटणं आणि हे वाक्य एकाच घरातली आहेत, सोन्या. दोन्ही वेळा तुझं लक्ष रस्त्यावरून उडालेलं होतं आणि त्या पोरांवर लागलेलं होतं.

तुझ्या आईलाही ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी अकोले तालुक्यात एका मुक्कामी गाडीवर होतो. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन डोंगरातल्या गावात जायचं, शाळेच्या ओट्यावर पथारी टाकायची आणि पहाटे पहिली गाडी घेऊन खाली उतरायचं. ही ड्युटी कुणालाच नको असायची. घरचं जेवण नाही, पावसाळाभर धुकं, आणि कधीकधी गाडीत तीन माणसं आणि दुधाच्या किटल्या. मला मात्र ती फार आवडायची. कळसूबाईच्या अंगाला उजेड लागायच्या आधी इंजिन सुरू करायचं, ते गरम होईतो कंडक्टर कुणाच्या तरी चुलीवरचा कोरा चहा घेऊन यायचा, आणि मग उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, काचेतून दिसेल तेवढाच रस्ता धरून हळूहळू खाली यायचं. त्या तासाभरात माझ्या डोक्यात एकही चिंता नसायची.

पण डेपोत कुणी विचारलं की मी म्हणायचो, "काय करणार, पडलीय गळ्यात." सगळे म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. वर्षभर हेच म्हणत राहिलो. शेवटी ड्युट्या लावणाऱ्या भल्या माणसाला माझी दया आली आणि त्यानं मला दिवसाच्या गाडीवर घातलं. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. "मला तीच गाडी हवी होती" हे सांगायला वर्षभर माझ्याकडं तोंड होतं आणि मी ते उघडलं नाही. पुढं बदली झाली, नगर-पुणे मार्ग मिळाला, त्यावर निवृत्तही झालो. पण ती पहाट पुन्हा हाती लागली नाही.

आता तुझ्या गेमबद्दल. तू गेल्यावर मी तुझ्या ताईला बसवून त्याची सगळी माहिती वाचून घेतली. 'डेझर्ट बस' हा १९९५ मध्ये तयार झालेल्या एका संचातला खेळ. पेन आणि टेलर या अमेरिकी जादूगारांच्या जोडीसाठी तो बनवला होता. प्रकाशन करणारी कंपनी बंद पडली, म्हणून तो संच बाजारात आलाच नाही. पुढं दहाएक वर्षांनी त्याची एक प्रत बाहेर आली. टूसॉन ते लास व्हेगास, ताशी जास्तीत जास्त ४५ मैल, म्हणजे आपले बहात्तर किलोमीटर. खरे आठ तास लागतात. मधे थांबवता येत नाही. बस सारखी उजवीकडं ओढते, त्यामुळं बटण दाबून ठेवून उठून जाता येत नाही. गाडी रस्त्याखाली उतरली की बंद पडते आणि टोचन होऊन परत टूसॉनला येते, तीही तेवढाच वेळ घेऊन. काही तासांनी एक किडा काचेवर आपटतो, घटना म्हणावी अशी ती एकच. पोहोचलं की एक गुण. हवं तर लगेच परतीचा प्रवास, आणखी एका गुणासाठी.

व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर त्या काळी अमेरिकेत बरंच काहूर माजलं होतं. त्याला उत्तर म्हणून या जोडीनं कुणालाही इजा न करणारा, अगदी खऱ्यासारखा आणि म्हणूनच असह्य खेळ काढला. म्हणजे बनवणाऱ्यांनीसुद्धा तो कुणाला आवडावा म्हणून बनवला नव्हता. हे वाचून माझा जीव तुझ्यासाठी जरा हळहळला, आणि मग तो उजवीकडं ओढण्याचा भाग मी पुन्हा वाचायला लावला.

डांबरी रस्ता सपाट नसतो, सोन्या. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तो मधे उंच आणि कडांना उतरता करतात. आपण डावीकडून चालवतो, म्हणून आपली गाडी किंचित डावीकडं जायला बघते. तिकडं अमेरिकेत उजवीकडून चालवतात, तेव्हा तिथली उजवीकडं जाणार. गेम करणाऱ्यांनी ते खेळणाऱ्याला छळायला घातलं असेल, पण चालकाच्या मनगटाला ते ओळखीचं आहे. नगरहून निघून सुपा, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर करत पुण्याला जाताना मी अडीच-तीन तास तेच करायचो. स्टेअरिंगला जरासा हात, सोडून दिलं, पुन्हा जरासा हात. मागं बसलेल्या प्रवाशाला वाटतं, ड्रायव्हर नुसता बसलाय. तुझं बोट खिडकीत तसंच हलत होतं, न बघता, वेळेवर. ते पाहून मला आत कुठंतरी भरून आलं.

आणि त्या पोरांना सांग, "एसटी चालवतोय" ही आपल्या जिल्ह्यात शिवी होऊ शकत नाही. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी नगर-पुणे याच रस्त्यावर धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. आमच्या पिढीच्या चालकांनी ही दोन नावं पाठ केलेली आहेत.

पण मला काय सांगायचंय ते नीट ऐक. तुझ्या खोलीतली पोरं या गेमबद्दल जे म्हणतात ते खरं आहे. तो लांबलचक आहे, त्यात काही घडत नाही, मेहनतीच्या मानानं काहीच हाती येत नाही. यातलं एकही वाक्य खोडायला जाऊ नकोस. तुला जे आवडतं तेही तेच आहे. काही घडत नाही, म्हणूनच तुझा जीव तिथं विसावतो. ते एका टोकानं बोलतात, तू दुसऱ्या टोकानं, दोरी एकच. तेव्हा कुणी विचारलं तर "भारी गेम आहे" असं म्हणू नकोस, ते खोटं ठरेल. "टाइमपास" म्हणू नकोस, तेही खोटंच. नेमकं सांग: मला यातला रिकामा रस्ता आवडतो, गाडी सारखी सरळ करत राहणं आवडतं. एवढं नेमकं बोलणाऱ्यावर फार वेळ हसता येत नाही. आणि हसलेच, तरी तुझं काही जात नाही.

हे नेमकेपण किती कामाचं असतं ते 'ई.टी.'च्या गोष्टीत दिसतं. १९८२ साली अटारी कंपनीनं सिनेमावरून हा गेम काढला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या माणसाला तो करायला जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. न खपलेल्या मालाबरोबर त्याच्या प्रती न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरल्या. २०१४ मध्ये खणलं तेव्हा त्या खरोखर सापडल्या. जगातला सर्वांत वाईट गेम म्हणून त्याचं नाव झालं. लोकांची मुख्य तक्रार अशी की ई.टी. सारखा खड्ड्यात पडतो. पण हा गेम मनापासून आवडणारी काही माणसं होती, आणि त्यातल्या एकानं तो का पडतो याचा छडा लावला. पाय जमिनीवर असले तरी चित्रातलं डोकं खड्ड्याच्या कडेला लागलं की गेम ते पडणं समजायचा. त्यानं जुना कोड उघडला, फक्त पाय मोजले जातील अशी दुरुस्ती केली आणि ती सगळ्यांसाठी मांडून ठेवली. शिव्या देणारे तीस वर्षं शिव्या देत राहिले. ज्याला गेम आवडत होता त्यानं तक्रार खरी मानली, म्हणून त्याला दुरुस्ती सापडली. तू कॉम्प्युटरचंच शिकतोयस. असा एखादा गेम उघडून बघ, कॉलेजच्या प्रोजेक्टपेक्षा जास्त शिकशील.

गेमखालच्या ताऱ्यांनाही जरा ओळखून राहा. २६ जानेवारी २०२१ ला आपल्याकडं 'फौजी' हा गेम आला. पबजीवर बंदी येऊन पाचेक महिने झालेले, पोरं तहानलेली. हातात पडली गलवानची हातघाईची लढाई, पबजीसारखं मैदान नाहीच. काही दिवसांत रेटिंग घसरलं. त्या ताऱ्यांत फौजी किती होता आणि हरवलेली पबजी किती, हे कोण वेगळं करणार? म्हणून तारे वाचू नकोस, तक्रारी वाच. तक्रारीत काय नावडलं ते लिहिलेलं असतं, आणि त्यावरून तुला आवडेल का ते तुझं तुला कळतं.

लोकांना नावडतं म्हणून आपली आवड लपवणं हे एक टोक. दुसरं टोक मात्र मला जास्त घातक वाटतं. सगळ्यांना नावडतं म्हणून आवडून घ्यायचं. 'नो मॅन्स स्काय' हा गेम २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा त्याच्यावर लोक तुटून पडले होते. कबूल केलेलं मिळालं नाही हा राग होता आणि तो रास्त होता. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी पोहोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून तो भरत नेला आणि आज त्याला खूप लोक मानतात. तूच मला हे सांगितलंस, आणि वर म्हणालास, "आता काय, सगळेच खेळतात." त्या वेळी मी काही बोललो नाही. आता विचारतो. उद्या होस्टेलवरच्या सगळ्या पोरांना वाळवंटातली बस आवडायला लागली, तर तू ती चालवशील का? याचं उत्तर मला कळवू नकोस. तुझं तुला माहीत असलं की पुरे.

पैशाचं आणि वेळेचं थोडक्यात. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. संथ गेमला दोन तासांत काही कळत नाही, म्हणून सवलतीची वाट बघ आणि आईनं मेससाठी दिलेल्या पैशाला हात लावू नकोस. परीक्षेच्या महिन्यात आठ तासांची फेरी काढायची नाही, हे वेगळं सांगायला नको. आणि आठवड्यातून एकदा तरी त्या तिघांच्या स्क्वाडमध्ये चौथा म्हणून बस. मन लावून खेळ, उपकार केल्यासारखा नको. त्यांना त्यात काय मिळतं ते विचार. तू त्यांचं कधी विचारलं नाहीस, मग ते तुझं कशाला विचारतील?

ताईनं आणखी एक वाचून दाखवलं, ते बहुधा तुला ठाऊक असेल. कॅनडातली काही मंडळी २००७ पासून दरवर्षी हाच गेम पाळ्या लावून रात्रंदिवस चालवतात. लोक देणगी देतात तोवर गाडी चालू. पहिल्या तासाला एक डॉलर, नंतरचा प्रत्येक तास सात टक्क्यांनी महाग, म्हणजे दहा-अकरा तासांत दर दुप्पट. तो पैसा दवाखान्यात पडून असलेल्या मुलांना खेळ आणि खेळणी पुरवणाऱ्या संस्थेला जातो. त्यांच्या चार पाळ्या असतात, पहाटेची वेगळी. ते ऐकून मी ताईला म्हणालो, यांना डेपो चालवायला द्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवस जास्तीचे काढून ये. माडीवर टेबल मांडून ठेवतो. टूसॉनहून आपण सकाळी सहाला निघू. पहिले चार तास तुझे, पुढचे चार माझे. दोन चालक असल्यावर मधे थांबायची गरज पडायची नाही. मामी बाजरीची भाकरी आणि ठेचा बांधून द्यायला तयार आहे, खालून वर आणायचं काम मात्र ताईचं. पोरं जिन्यावर आली तर येऊ देत. आणि माझी पाळी नसताना तो किडा काचेवर आपटला, तर झोपलो असलो तरी मला उठव.

तुझा,
मामा