राब यंदा दहा मेपूर्वीच भाजून घ्या

2025 साली मान्सून मुंबईत 26 मे रोजी दाखल झाला. नेहमीची तारीख 11 जून. नोंदींत एवढा लवकर तो कधी आलेला नव्हता, आणि त्याआधीही मेभर अधूनमधून वादळी सरी येतच होत्या. ज्यांचा राब मेच्या अखेरीवर ठेवलेला होता, त्यांचा कवळ भिजला, शेणी भिजल्या आणि रोपवाटिकेची जमीन भाजायची राहून गेली. आगोटीची कामे रोहिणी नक्षत्रावर ढकलायची आपली जुनी सवय आहे. ती आता बदलायला हवी, हे या लेखातले मुख्य सांगणे.

आपला भिवंडी तालुका वादळी पावसाच्या अगदी वाटेवर आहे. पश्चिमेला खाडी, पूर्वेला शहापूरचा माहुलीचा डोंगर आणि त्यामागे कसारा घाटाची भिंत. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत जमीन तापते, समुद्रावरून दमट वारा आत येतो आणि घाटमाथ्यावरून कोरडा, गरम वारा खाली उतरतो. दोन्ही जिथे भिडतात तिथे हवा झपाट्याने वर चढते. त्यामुळे दुपारी दोन-तीनच्या सुमारास डोंगरावर ढगांचे मनोरे उभे राहतात. वरच्या थरात वारा पूर्वेकडून असला की तेच ढग संध्याकाळी पडघा, वज्रेश्वरीवरून खाडीकडे सरकतात. पावसाच्या आधी गार वाऱ्याचा लोट येतो आणि नुकसान बहुधा त्यानेच होते. 13 मे 2024 च्या दुपारी मुंबई-ठाण्यात आलेले धुळीचे वादळ असेच होते. म्हणून दुपारी पूर्वेला ढग चढताना दिसले की पेंढ्याच्या उडवीवर ताडपत्री टाका, दोरखंडाने आवळा आणि उघड्यावरचे बियाणे-खत आत घ्या. ढग डोक्यावर येईपर्यंत थांबलात तर हाती वेळ उरत नाही.

आता राबाकडे वळू. शेण, त्यावर कवळ, पालापाचोळा, गवत आणि वरून मातीचा पातळ थर, अशी रचना नीट वाळलेली असेल तरच आग सावकाश खालपर्यंत जाते. तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि रोप मुळासकट अलगद उपटता येते. एक चांगली सर पडली की वरचा पाला दोन दिवसांत वाळतो, पण खालचे शेण आठवडाभर ओले राहते. असा राब पेटवला तर नुसता धुमसतो. वरचे जळते, खालचे तण तसेच राहते. म्हणून दहा मेपूर्वी भाजून मोकळे व्हा. वारा पडलेल्या संध्याकाळी, कडेचे गवत साफ करून आणि पाणी जवळ ठेवूनच आग लावा.

ज्यांना कवळ तोडायचा नाही किंवा ज्यांचा राब भिजला, त्यांनी गादीवाफे करावेत. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठही बऱ्याच वर्षांपासून हाच सल्ला देत आले आहे. साधारण एक मीटर रुंद, आठ-दहा सेंटीमीटर उंच वाफा, दोन वाफ्यांत चर आणि वर कुजलेले शेणखत, एवढे पुरते. माझ्या मते सखल शिवारात राबापेक्षा गादीवाफाच भरवशाचा, कारण अवेळी मोठा पाऊस झाला तरी चरातून पाणी निघून जाते आणि बी कुजत नाही.

भाताचे बियाणे घरचे असेल तर दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ओता. तरंगलेले पोचट दाणे काढून टाका, तळाचे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

पेरणीची घाई मात्र करू नका. मेमधला वळीव कितीही जोरात पडला तरी तो मान्सून नव्हे. 2025 मध्ये खुद्द मान्सूनही लवकर आला आणि मेअखेरीस अडखळला. जूनच्या मध्यापर्यंत त्याची पुढची वाटचाल थांबली होती. धूळवाफेवर पेरलेले बी अर्ध्या ओलीत रुजले आणि वरून उघडीप पडली, तर कोवळे मोड करपून जातात. विहीर, बोअर किंवा ओढ्याचे पाणी हाताशी असेल तर मेअखेरीस पेरायला हरकत नाही. नसेल तर पाऊस टिकतोय असा हवामान विभागाचा पाच दिवसांचा अंदाज पाहूनच पेरा. तोवर वळवाच्या ओलीचा उपयोग नांगरटीला करा. सरीनंतर आठ-दहा दिवसांत तण वर येते. वाफसा आल्यावर एक पाळी दिली की तेवढे तण हंगामातून कमी झाले.

खाडीकाठी खारजमिनीत उघाड्या आणि बांध आताच तपासा. झडपेत अडकलेला गाळ, बांधाला खेकड्यांनी पाडलेली भोके, सगळे उधाणाआधी दुरुस्त व्हायला हवे. पहिल्या पावसाचे पाणी खाचरात साठवून मग सोडून दिले की क्षार धुऊन निघतात, लावणी त्यानंतर. अशा जमिनीला पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल-1, 2, 3 हे भाताचे वाण चालतात.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. महामार्गालगत गोदामांसाठी झालेल्या भरावांनी कित्येक ठिकाणी पाण्याच्या जुन्या वाटा बुजल्या आहेत. शेजारच्या खाचरातून निघणारे पाणी आता आपल्याकडे तुंबते. हे एकट्याने सुटणारे काम नाही. मेमध्येच शिवारफेरी करा, बुजलेल्या नाल्यांची जागा सर्व्हे नंबरसह लिहून ग्रामपंचायत आणि तलाठ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या.

दुधी, कारली, काकडीच्या मांडवांना कोपऱ्यांवर ताणाच्या तारा द्या. पावसाआधी चार-पाच तास कोरडे मिळणार नसतील तर फवारणी टाळा. पक्व आंबा वादळाची वाट न पाहता देठासह झेल्याने उतरवा. ओला आंबा उतरवून लगेच अढीत घालू नका. पावसानंतर फळमाशी वाढते, तेव्हा रक्षक सापळे आधीच टांगा.

विजेबाबत हयगय नको. विजेची पूर्वसूचना देणारे दामिनी ॲप मोबाइलमध्ये ठेवा. मोबाइल वीज ओढतो हा गैरसमज आहे. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम सोडून पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या ताडाखाली, आंब्याखाली माणसाने थांबू नये, बैलही बांधू नये. तारेच्या कुंपणापासून, लोखंडी मांडवापासून लांब राहा. आसरा नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे झोपू नका. अंगावर आकाशातली वीज पडलेल्या माणसाला हात लावल्याने दुसऱ्याला धक्का बसत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि 108 ला फोन लावा.

नुकसान झालेच तर पडलेले पीक उचलण्याआधी फोटो काढा आणि तलाठी व कृषी सहायकांना त्याच दिवशी कळवा. सरकारी मदतीसाठी पिकाचे किमान 33 टक्के नुकसान पंचनाम्यात नोंदलेले असावे लागते. सातबाऱ्यावर पीकपेरा नोंदलेला नसेल तर पंचनाम्याच्या वेळी अडचण येते, म्हणून उन्हाळी भाजीची ई-पीक पाहणी राहिली असेल तर मुदत संपायच्या आत ती उरकून घ्या.