उठवायला माणूस मिळतो, उठवता येणारा मिळत नाही

प्रश्न : बाबांना लकवा मारून वर्ष झालं. मी पुण्याला, आई-बाबा अकोल्यात. वर्षात चार माणसं बदलली. मनानं चांगली होती, पण बाबांना नीट उठवता-बसवता एकालाही येत नव्हतं. शिकलेलं माणूस का मिळत नाही?
— एक वाचक, मूळ जठारपेठ, अकोला

उत्तर : हे काम शिकावं लागतं, हेच आपण अजून मानलेलं नाही. बाबांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं घ्या. खुर्ची धडधाकट बाजूला हवी. आधी पलंगाच्या काठाशी बसवून दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे, चक्कर येते का विचारायचं, जरा थांबायचं. मग आपण गुडघ्यात वाकून त्यांना कमरेशी धरायचं. लकव्याचा हात धरून ओढलं तर खांदा सांध्यातून सरकतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं. जाणत्याच्या नजरेखाली पुन्हा पुन्हा केल्याशिवाय हे हातात बसत नाही. घास भरवणं, कूस बदलणं, कॅथेटर सांभाळणं, सगळ्याचं तसंच.

जनरल ड्युटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे काही महिन्यांचे अभ्यासक्रम आहेत. प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला एवढंच विचारा, रुग्णाच्या खाटेशी किती दिवस काम केलं? अमरावतीत इर्विन रुग्णालय आहे, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे. तिथे लकव्याच्या रुग्णाला घरी सोडण्याआधीचे चार दिवस शिकणाऱ्यांची शाळा व्हायला हवेत, आणि घरच्यांचीही.

मोठी अडचण पैशाची. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सक्तीचा आहे. त्यामुळे तिथे या कामाला पगार आहे, हुद्दा आहे. जर्मनीत शिक्षण तीन वर्षांचं, आणि शिकतानाच वेतन मिळतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात शुश्रूषेची कामंही आहेत. दर्यापूर-मोर्शीच्या मुलींनी ती संधी जरूर घ्यावी. पण त्याच मुलीला आपल्याकडे बारा तासांची पाळी, रोजंदारी, रजा नाही आणि वर ‘ए बाई’ अशी हाक मिळाली, तर ती इथे कशाला टिकेल?

तुम्हाला आज करण्यासारखं एक आहे. फिजिओथेरपिस्ट घरी येतील तेव्हा सध्याच्या माणसाला शेजारी उभं करा, त्याच्या हातून सगळं करून घ्यायला सांगा. तो वेळ पगारी धरा. आठवड्याची सुट्टी ठरवून द्या, आणि त्या दिवशी बाबांना कोण उठवणार तेही आधीच ठरवा. आईवर ते सोडू नका. तिचीही पाठ आता म्हातारी आहे.