शीतक बदलल्यावरही संगणक का तापतो?

ऊर्जा नाहीशी होत नाही, ती केवळ रूप बदलते. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये शिरणाऱ्या विजेचे जवळजवळ संपूर्णपणे उष्णतेत रूपांतर होते. १९९३ साली पहिला पेंटियम प्रोसेसर आला, तेव्हा तो सुमारे १५ वॉट वीज घेत असे. २०२२ साली आलेल्या, मध्यम किमतीच्या इंटेल कोअर आय-५ १२४०० या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा ६५ वॉट असून पूर्ण वेगात ती ११७ वॉटपर्यंत जाते. याचा अर्थ असा की, जुन्या काळच्या १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून सतत बाहेर काढावी लागते. हे काम ज्या साधनाकडे असते त्याला बाजारात सीपीयू कूलर म्हणतात. खोलीतील पाण्याच्या कूलरशी गोंधळ होऊ नये म्हणून या प्रकरणात त्याला ‘शीतक’ असे म्हटले आहे.

प्रोसेसरबरोबर मिळणारा शीतक अपुरा वाटल्यास पुष्कळजण दुसरा, अधिक मोठा शीतक विकत घेऊन बसवतात. परंतु कित्येकदा त्यानंतरही तापमान उतरत नाही. क्वचित ते पूर्वीपेक्षा वाढते. अशा वेळी प्रोसेसरच बिघडला असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि नाहक खर्च होतो. वस्तुतः दोष बहुधा अन्यत्र असतो, आणि तो शोधण्याची एक सुसंगत रीत आहे.

आकडा नव्हे, वाढ मोजावी

रायपूर शहरातील ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीतील एका घराची कल्पना करावी. वरच्या मजल्यावर लग्नाच्या चित्रफितींचे संपादन चालते. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते, आणि मे महिन्यात रायपूरचे दुपारचे तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. संगणकावर सर्वाधिक भार पडण्याचा काळ आणि सर्वाधिक उष्म्याचा काळ येथे एकच ठरतो. चित्रफीत सिद्ध होत असता तिसऱ्या तासाला यंत्र बंद पडले, तर दिवसाचे काम वाया जाते आणि दिलेला शब्द मोडतो.

शीतकाची क्षमता ‘दर वॉटमागे किती अंश वाढ’ या मापाने सांगता येते. एखाद्या शीतकाचे हे माप ०.४ असेल आणि प्रोसेसर १०० वॉट घेत असेल, तर प्रोसेसर शीतकात शिरणाऱ्या हवेपेक्षा ४० अंशांनी अधिक तापेल. डिसेंबरमध्ये पेटीच्या आतील हवा २४ अंशांवर असेल तर प्रोसेसर ६४ अंशांवर राहील. मे महिन्यात आतील हवा ४४ अंशांवर गेली की तोच शीतक, तितकेच काम करीत असता, ८४ अंश दाखवील. येथे शीतकात कोणताही दोष नाही. कोणताही शीतक, साधा असो वा पाण्याचा, प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून नुसता अंतिम आकडा न पाहता खोलीचे तापमान वजा करून उरणारी वाढ लिहून ठेवावी. जुन्या व नव्या शीतकाची तुलना या वाढीवरूनच करावी.

त्याचबरोबर प्रोसेसरची मर्यादाही ठाऊक असावी. वर उल्लेखिलेल्या कोअर आय-५ ची मर्यादा १०० अंश आहे. तेथे पोहोचताच तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापमान वाढत राहिले तर यंत्र बंद होते.

दोषाचे दोन वर्ग

उष्णतेचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. प्रथम ती प्रोसेसरच्या धातूच्या झाकणातून शीतकाच्या तळात जाते. नंतर शीतकाच्या पात्यांतून हवेत. दोष कोणत्या टप्प्यात आहे हे तापमान चढण्याच्या वेगावरून कळते.

यंत्रावर पूर्ण भार टाकावा आणि घड्याळ पाहावे. काही सेकंदांतच तापमान ९५ ते १०० अंशांवर उडी घेत असेल, तर उष्णता शीतकापर्यंत पोहोचतच नाही, असे बहुधा समजावे. याउलट तापमान दहा-पंधरा मिनिटे हळूहळू चढत राहिले, तर उष्णता शीतकात पोहोचते, मात्र तेथून हवेत जात नाही. याची पडताळणी हाताने करता येते. यंत्र बंद करून लगेच पात्यांना बोट लावावे. प्रोसेसर शंभरीला आणि पाती थंड, तर दोष संपर्काचा. पातीही चांगलीच तापलेली, तर दोष हवेचा.

संपर्कातील दोष

दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा असते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, तर हवेची केवळ ०.०२६ वॉट प्रतिमीटर-अंश इतकी आहे. या पोकळ्या भरण्यासाठी थर्मल पेस्ट लावतात. पेस्ट धातूपेक्षा पुष्कळच कमी वाहक असल्याने तिचा थर पातळ हवा; झाकणाच्या मध्यभागी लहान वाटाण्याएवढा गोळा पुरतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावी. शीतक एकदा उचलला की पेस्ट नव्याने लावावी, कारण जुन्या थरात हवेचे बुडबुडे शिरतात.

नव्या शीतकाच्या तळाला पुष्कळदा प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. ती न काढताच शीतक बसवणे ही अगदी नेहमी आढळणारी चूक आहे. म्हणून शीतक उचलल्यावर प्रथम तळ पाहावा.

त्यानंतर दाबाचा विचार करावा. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटभोवतीची छिद्रे ७५ मिलिमीटर अंतरावर होती. २०२१ च्या अखेरीस आलेल्या एलजीए १७०० मध्ये हे अंतर ७८ मिलिमीटर झाले आणि प्रोसेसरची उंचीही किंचित कमी झाली. त्यामुळे जुन्या सॉकेटचा कंस ओढूनताणून नव्यावर बसवल्यास शीतक प्रोसेसरवर पुरेसा टेकत नाही. योग्य कंस घेऊन स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर तळ तिरपा राहतो. शीतक काढल्यावर पेस्टचा ठसा पाहावा: तो सर्वत्र सारखा व पातळ असल्यास दाब ठीक, एका बाजूस जाड असल्यास बैठक तिरकी.

एएमडीच्या एएम-४ सॉकेटबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. वाळलेल्या पेस्टमुळे शीतक उचलताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. म्हणून यंत्र आधी काही मिनिटे चालवून पेस्ट उबदार करावी, यंत्र बंद करून वीज तोडावी, आणि शीतक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा.

हवेच्या मार्गातील दोष

बहुतेक पंख्यांत हवा चौकटीच्या आडव्या दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. शीतकाच्या पंख्याची हवा पेटीच्या मागील पंख्याकडे जावी. ती उलट दिशेने बसली तर दोन्ही पंखे परस्परांशी झगडतात. पंख्याची तार मदरबोर्डवरील ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या जागी जोडलेली असावी. अन्यथा प्रोसेसर तापला तरी पंख्याचा वेग वाढेलच असे नाही. पाण्याच्या शीतकात पंप चालू आहे की नाही हेही तपासावे. एक नळी कढत आणि दुसरी थंड असणे हे पाणी फिरत नसल्याचे लक्षण असू शकते.

पेटीची परीक्षा सोपी आहे. भार चालू ठेवून पेटीचे बाजूचे झाकण काढावे. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले तर शीतक निर्दोष असून पेटीत हवा कोंडते, हे सिद्ध झाले.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. प्रोसेसरबरोबर मिळणारा बसका शीतक खाली, मदरबोर्डवर हवा सोडतो. उंच मनोऱ्यासारखा शीतक ती आडवी सोडतो. परिणामी प्रोसेसर थंड होतो, पण त्याला वीज पुरवणारे शेजारचे घटक पूर्वीपेक्षा अधिक तापतात. पेटीत पुढून हवा घेणारा एक पंखा हा यावर उपाय आहे.

वीजमर्यादा वाढली असल्यास

काही मदरबोर्ड बायॉसमध्ये शीतकाचा प्रकार विचारतात. मोठा शीतक निवडताच ते प्रोसेसरची वीजमर्यादा फार वर नेतात. मग ६५ वॉटवर चालणारा प्रोसेसर दीर्घकाळ ११० वॉट घेऊ लागतो आणि नवा शीतक कुचकामी वाटतो. तापमानाबरोबर वॉट आणि वेगही पाहिला तर हा भ्रम दूर होतो. काम पूर्वीपेक्षा लवकर उरकत असेल तर शीतक आपले कर्तव्य करीतच आहे. उन्हाळ्यापुरती ही मर्यादा खाली आणणे हा बिनखर्चाचा आणि खात्रीचा उपाय होय.

धूळ आणि खोलीतील कूलर

रायपूरच्या उरला व सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, आणि शहरात घरोघरी बसणारी काळी धूळ सर्वपरिचित आहे. दाट पात्यांच्या शीतकात ती लवकर अडकते. उन्हाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाती ब्रशने साफ करावीत. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाण्याचा कूलर खोलीचे तापमान पुष्कळ उतरवतो आणि तेवढाच लाभ प्रोसेसरला मिळतो. मात्र संगणक त्याच्या थेट झोतात ठेवू नये. पाण्याचे तुषार क्षार मागे ठेवतात, आणि ओलसर हवेत धुळीचा चिखल होऊन तो पात्यांना चिकटतो. जुलैत हवा आधीच दमट असते, तेव्हा कूलरने तापमान फारसे उतरत नाही, दमटपणा मात्र वाढतो.

तपासणीचा क्रम

प्रथम खोलीचे तापमान, वॉट आणि वाढ नोंदवावी. दुसरे, तापमान चढण्याचा वेग पाहावा. ते झपाट्याने चढत असेल तर पट्टी, पेस्ट, कंस व स्क्रू तपासावेत. सावकाश चढत असेल तर पंखा, त्याची दिशा, पेटी व धूळ. तिसरे, बायॉसमधील वीजमर्यादा पाहावी. दर वेळी एकच बदल करून पुन्हा मोजावे. दोन बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही. एवढे करूनही वाढ कायम राहिली, तरच शीतक बदलून घेण्याचा विचार करावा. प्रोसेसरवर संशय घेण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी.