बंद पडलेले पॅनेल आणि कारणाचा शोध

शाळेच्या स्मरणिकेत वॉशिंग मशीनवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या वसतिगृहात अनेक वर्षे कपडे धुण्याची साधने तीनच होती : रविवारची सकाळ, दगड आणि साबणाची वडी. त्या दगडावर कपडे आपटणारी मुले आज नोकरी-व्यवसायात स्थिरावली आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी हे यंत्र आले आहे. त्याच्या येण्याने घरातील स्त्रीच्या रोजच्या कष्टांतील काही तास कमी झाले. ते बंद पडले की तेच कष्ट पुन्हा तिच्या अंगावर येतात आणि दुरुस्तीचा खर्च महिन्याच्या हिशेबात खड्डा पाडतो. त्यामुळे हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही.

याला आणखी एक कारण आहे. मी या शाळेत विज्ञान शिकवले. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे मुलांना फळ्यावर लिहून दाखवले. परंतु स्वतःच्या घरातले यंत्र बंद पडले, तेव्हा मीच तो पाठ विसरलो. ती चूक सांगूनच पुढे जाणे योग्य ठरेल.

एक महाग पडलेला निष्कर्ष

भर पावसाळ्यात आमच्या यंत्राचे पॅनेल निरुत्तर झाले. दिवे लागत होते, पण कोणतेही बटण दाबले तरी काही होत नव्हते. मिस्त्री आला, त्याने दोन-तीन बटणे दाबून पाहिली आणि ‘पीसीबी गेला’ असे सांगितले. पीसीबी म्हणजे यंत्राच्या सर्व हालचालींचे नियंत्रण करणारा सर्किट बोर्ड. मी एकही प्रश्न न विचारता होकार दिला. चार दिवसांनी नवा बोर्ड बसला, साडेचार हजार रुपये गेले आणि यंत्र सुरू झाले. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच अवस्था! आता मिस्त्री म्हणाला, व्होल्टेजचा दोष असावा.

तेव्हा सूनबाई म्हणाली, “बाबा, मशीन दोन्ही वेळा बंद पडलं ते झड लागली होती तेव्हाच. तेव्हा आपण ओले कपडे मशीनच्या वरच्या दोरीवर टाकतो.” मी पाहिले, तर पॅनेलवरचे प्लास्टिकचे आवरण एका कडेने सुटले होते आणि दोरीवरून ठिबकणारे पाणी नेमके तेथे पडत होते. प्लग काढून पॅनेल पुसले, दोन दिवस कोरडे राहू दिले, दोरी बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला बांधली. यंत्र चालू झाले आणि त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत ती तक्रार पुन्हा उद्भवली नाही.

पहिला बोर्ड खरोखर बिघडला होता की चार दिवसांत पॅनेल आपोआप वाळले म्हणून यंत्र सुरू झाले, हे आता मला कधीच कळणार नाही. कारण जुना भाग मी मागून घेतला नाही. मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दिवसभरात अनेक घरे करायची होती. दोष माझ्या न विचारण्याचा होता. शिवाय जी व्यक्ती ते यंत्र रोज हाताळते, तिला विचारण्याचेही मला सुचले नव्हते.

लक्षण आणि कारण

भगवान बुद्धांना परंपरेने वैद्याची उपमा दिली आहे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर झाले की दुःख दूर होते आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे, अशी चार आर्यसत्यांची मांडणी आहे. या मांडणीत कारणाचा शोध उपचाराच्या आधी येतो. आम्ही मधली पायरी गाळून थेट उपचाराला लागलो. ‘बटणे चालत नाहीत’ हे लक्षण आहे. तेच कारण समजले, की भाग बदलतो आणि बिघाड जागच्या जागी राहतो. कालामांना केलेल्या उपदेशातही हाच आग्रह आहे : सांगणारा जाणता वाटतो, एवढ्यावरून स्वीकारू नये, स्वतः पारखून घ्यावे. हा विवेक विहारात जितका आवश्यक, तितकाच घराच्या न्हाणीघरातही आवश्यक आहे.

पुढील पायऱ्या पूर्ण स्वयंचलित यंत्रासाठी आहेत. दोन टब असलेल्या साध्या अर्ध-स्वयंचलित यंत्रात बहुधा चावीचे टायमर असतात, तेथे असे पॅनेलच नसते. एक नियम मात्र सर्वत्र पाळावा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. तीन गोष्टी एकदम केल्या, तर यंत्र सुरू होईलही, पण कशामुळे सुरू झाले ते समजणार नाही.

प्रथम केवळ पाहावे

काहीही दाबण्यापूर्वी पॅनेलची अवस्था पाहावी. ते पूर्ण अंधारात आहे की उजळलेले आहे? सगळी बटणे निरुत्तर आहेत की एखादेच? पडद्यावर अक्षरे किंवा आकडे दिसत आहेत का? दिसत असतील तर ती लिहून घ्यावीत किंवा मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. तो बिघाडाचा संकेत असतो आणि त्याचा अर्थ यंत्रासोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. यंत्र घाईने बंद केले, तर तो पुसला जाऊ शकतो. शेवटचे चालले ते केव्हा, तेव्हा पाऊस होता का, वीज गेली-आली होती का, हेही घरातल्यांना विचारावे.

पॅनेल पूर्ण अंधारात असेल तर

अशा वेळी पॅनेलआधी विजेचा पुरवठा तपासावा. कोरड्या हातांनी भिंतीवरील बटण बंद करून प्लग काढावा आणि त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावून पाहावा. तो चालला नाही, तर यंत्र निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक. मीटरजवळील एमसीबी खाली पडला असेल, तर तो एकदा वर करावा. लगेच पुन्हा पडला, तर हट्टाने वर करत राहू नये. कोठेतरी शॉर्ट आहे, हे तो सांगत असतो.

चार्जर चालला, म्हणून सॉकेट पूर्णपणे ठीक आहे असेही समजू नये. सैल जोडणी लहान भार पेलते, मोठा भार पेलत नाही. पॅनेल उजळते, पण मोटर फिरू लागताच विझते, असे होत असेल तर संशय सॉकेटवर घ्यावा. प्लगच्या पिना काळवंडल्या असतील किंवा जळका वास येत असेल, तर वापर तेथेच थांबवावा. यंत्र एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नये. त्याला 16 अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट असावा.

यानंतर वायर टोकापासून टोकापर्यंत नजरेने तपासावी. आपल्याकडे उंदीर यंत्राच्या तळातून आत शिरतात आणि वायरी कुरतडतात. कुरतडलेली वायर, लेंड्या, कागदाचे कपटे दिसले, तर प्लग पुन्हा लावू नये.

पॅनेल उजळलेले, पण निरुत्तर असेल तर

येथे कारणे अनेक असतात आणि त्यांतील कित्येक फुकटात दूर होणारी असतात.

1. चाइल्ड लॉक : लहान मुलांनी चालू यंत्राशी खेळू नये म्हणून ही सोय असते. ती चालू असताना बहुतेक बटणे मुद्दामच काम करीत नाहीत. पॅनेलवर कुलपाचे किंवा मुलाच्या चेहऱ्याचे चिन्ह दिसते. अनेक यंत्रांत ठरावीक एक किंवा दोन बटणे काही सेकंद दाबून धरली की ही सोय निघते. ती बटणे कोणती, हे पुस्तिकेत किंवा पॅनेलवरच लिहिलेले असते. काही यंत्रांत वीज घालवून पुन्हा दिली तरी हे कुलूप कायम राहते, म्हणून लोक फसतात.

2. चालू असलेला कार्यक्रम : धुणे सुरू झाल्यावर कार्यक्रम बदलण्याची बटणे सहसा ऐकत नाहीत. आधी ‘पॉज’ करावे लागते. उशिरा सुरू होण्याची वेळ चुकून लावली गेली असेल, तर यंत्र निष्क्रिय दिसते, पण प्रत्यक्षात ते वाट पाहत असते.

3. झाकण, दार आणि नळ : झाकण नीट बसले नसेल, दारात कपड्याचे टोक अडकले असेल किंवा पाण्याचा नळ बंद असेल, तर यंत्र पुढे जात नाही. दोष पॅनेलचा वाटतो, कारण नळाचे असते.

4. नियंत्रकाचा गोंधळ : वीज वारंवार जात-येत असेल, तर बोर्डावरील नियंत्रक मध्येच अडकतो. यंत्र बंद करावे, प्लग काढावा आणि दहा मिनिटे थांबावे. हे थांबणे निरर्थक नाही. बोर्डावरील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही थोडा विद्युतभार उरतो. तो ओसरल्यावरच नियंत्रक खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतो. मात्र दर आठवड्याला असे करावे लागत असेल, तर तो उपाय न मानता मूळ कारण शोधावे.

5. अडकलेले बटण : साबणाची पूड ओल्या बोटांनी पॅनेलवर जाते, वाळते आणि बटणाच्या कडेत घट्ट बसते. एखादे बटण आतच दबून राहिले, तर नियंत्रकाला ते सतत दाबलेले वाटते आणि तो इतर बटणांकडे लक्ष देत नाही. प्लग काढून, घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्याने व नंतर कोरड्या फडक्याने कडा पुसाव्यात. प्रत्येक बटण हलकेच दाबून ते परत वर येते का, हे पाहावे. साबण किंवा औषधी द्रव थेट पॅनेलवर फवारू नये.

6. ओल : स्पर्शाने चालणाऱ्या पॅनेलला पाण्याचा थेंबही बोटासारखा भासू शकतो. बटणांवरील पातळ आवरण फाटले किंवा सुटले असेल, तर पाणी आत मुरते. अशा वेळी प्लग काढून यंत्र एक-दोन दिवस हवेशीर ठेवावे. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा मारू नये, तिने आवरण वाकते आणि चिकटपणा सुटतो. वाळल्यावर यंत्र चालले, तर पाणी कोठून येते ते शोधावे : वरची दोरी, गळके छत, शेजारचा शॉवर की ओल्या हातांची सवय? कोकणातील खारी, दमट हवाही आतील धातूच्या जोडण्या गंजवते, तेथे यंत्र भिंतीआड व कोरड्या जागी असलेले बरे.

येथे थांबावे

एवढे करूनही पॅनेल निरुत्तर राहिले, तर दोष आत आहे. पिळणीच्या हादऱ्यांनी बोर्डाची जोडणी सैल झाली असेल, पाल किंवा मुंग्या बोर्डावर शिरल्या असतील किंवा बोर्डच निकामी झाला असेल. हे तपासण्यासाठी यंत्र उघडावे लागते आणि ते काम जाणकाराचेच आहे. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमधील उरलेला भार झटका देऊ शकतो, ही गोष्ट वर आलीच आहे. यंत्राच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर पॅनेलचा विचार बाजूला ठेवावा. प्लगकडे वळू नये. दूर होऊन आधी मुख्य स्विच बंद करावा आणि अर्थिंग तपासून होईपर्यंत यंत्राला कोणालाही हात लावू देऊ नये. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून यंत्राची तपासणी करू नये. कारण शोधण्याची हौस जिवापेक्षा मोठी नाही, हे मुलांनाही स्पष्ट सांगावे.

मिस्त्रीशी बोलताना

फोन करताना मॉडेल क्रमांक, पडद्यावरचा संकेत आणि आपण काय काय तपासले, हे क्रमाने सांगावे. यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर बाहेरच्या माणसाकडून ते उघडून घेऊ नये. मिस्त्री ‘बोर्ड गेला’ म्हणाला, तर चार प्रश्न नम्रपणे विचारावेत : हे कशावरून ठरवले? बोर्ड दुरुस्त होईल की बदलावाच लागेल? तो कशामुळे गेला असावा? नव्या भागाची हमी किती दिवसांची? जुना भाग परत मागावा आणि पक्के बिल घ्यावे. बिलासह रीतसर तक्रार करूनही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. चांगल्या कारागिराला नेमका प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक आवडते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या प्रयोगवहीत चार रकाने असत : निरीक्षण, तर्क, चाचणी आणि निष्कर्ष. परीक्षेनंतर त्या वह्या बहुतेकांनी रद्दीत घातल्या असतील. आमच्या घरी यंत्राशेजारच्या खिळ्याला आता एक लहान वही टांगलेली आहे. तारीख, हवामान, पडद्यावरचे अक्षर, काय केले आणि काय झाले, एवढेच तीत लिहिले जाते. ती वही मी नव्हे, सूनबाईने सुरू केली.